अमेरिकेतला ‘र’ आला कोठून?

प्रश्न : माझी नात न्यू यॉर्कजवळ, न्यू जर्सीत वाढते आहे. ‘कार’, ‘वॉटर’ या शब्दांतील ‘र’ ती ठसठशीत उच्चारते. बीबीसीच्या बातम्यांत मात्र तो बहुधा ऐकूच येत नाही. अमेरिकेत गेलेल्या लोकांनी मूळ इंग्रजी उच्चार बिघडवला, असे समजावे काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : तसे मुळीच समजू नये, कारण या बाबतीत जुने वळण सोडले ते लंडनने. १७व्या शतकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या वसाहती वसू लागल्या, तेव्हा इंग्लंडमध्येही शब्दाच्या शेवटचा ‘र’ सर्रास उच्चारला जात असे; स्पेलिंगमध्ये तो आजही आहे, तो त्या काळाची खूण म्हणून. पुढील शतकात लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये तो क्षीण होत गेला. जॉन वॉकर यांच्या १७९१च्या उच्चारकोशात लंडनकरांच्या या दुबळ्या ‘र’ची नोंद आहे. स्कॉटलंड आणि आयर्लंडने मात्र तो सोडला नाही.

लंडनची ही नवी ढब बॉस्टन आणि व्हर्जिनियातील प्रतिष्ठित घरांत रुजली, कारण त्यांची इंग्लंडशी सतत ये-जा होती. उलट फिलाडेल्फिया आणि आतल्या मुलखात, जेथे उत्तर आयर्लंडमधून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली, तेथे ‘र’ टिकला. सिडनीची वसाहत १७८८ची आणि तेथे गेलेल्यांत आग्नेय इंग्लंडचे लोक बरेच, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बोलण्यात तो नाही. वसाहत केव्हा झाली आणि तेथे कोठले लोक गेले, हे असे एका अक्षरावरून ताडता येते, याचे मला फार अप्रूप वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत प्रतिष्ठेचे पारडे फिरले. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यू यॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन, ज्या वस्तूचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे ती कोठे मिळेल, असे विक्रेत्यांना विचारले. ‘फोर्थ फ्लोअर’ या उत्तरातला ‘र’ सर्वांत महागड्या दुकानात सर्वाधिक, तर स्वस्त दुकानात सर्वांत कमी ऐकू आला. आणि नीट ऐकू आले नाही असे भासवून पुन्हा विचारताच, सावधपणे दिलेल्या उत्तरात तो वाढला.

मुले उच्चार उचलतात ते मुख्यतः बरोबरीच्या सवंगड्यांकडून, त्यामुळे आपल्या नातीच्या तोंडी आजचा ‘र’ आहे. तिच्याच परिसरात आपल्या वयाच्या एखाद्या जुन्या रहिवाशाच्या तोंडून मात्र ‘र’ नसलेला ‘वॉटर’ अजूनही ऐकू येऊ शकेल.