समुद्र न पाहिलेल्या मुलीने किनारा व्यवस्थापन शिकावे का?

पालकांचे पत्र (संक्षिप्त) : आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात राहतो. समाज धिवर, आणि गावच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या) तलावावर आमची मच्छीमार सहकारी संस्था आहे. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून ७१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. गावकऱ्यांना सोबत घेऊन समुद्रकिनारा सांभाळण्याचे काम असते, असे तिने कुठेतरी वाचले आणि आता तेच शिकायचे म्हणते. आमच्या घरात समुद्र कोणी पाहिलेला नाही. नातेवाईक म्हणतात, डी.एड. करू द्या किंवा पोलीस भरतीला बसवा. काय करावे?

सप्रेम नमस्कार.

आपण पत्राच्या शेवटी, जणू सहजच, दोन गोष्टी लिहिल्या आहेत. तलावात माजलेली बेशरम नावाची रानवनस्पती संस्थेच्या सभासदांनी मुळासकट उपटली, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मासे अंड्यावर असताना जाळे टाकायचे नाही, असा ठराव करून तो पाळलाही. आपली मुलगी जे शिकू म्हणते आहे, त्याचा गाभा नेमका हाच आहे. सामाईक पाण्यातून कोणी, केव्हा, किती घ्यायचे हे ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांनीच ठरवायचे आणि सरकारने त्यांच्या पाठीशी उभे राहायचे, ही ती पद्धत आहे. तेव्हा समुद्र पाहिलेला नाही ही अडचण मला फारशी मोठी वाटत नाही.

किनाऱ्यावर या कामाचे स्वरूप कसे असते, ते थोडे विस्ताराने सांगतो. भरतीरेषेपासून जमिनीकडील ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधता येईल आणि काय नाही, याचे नियम केंद्र सरकारने प्रथम १९९१ मध्ये केले. त्यानंतर २०११ व २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. लोक त्याला सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) म्हणतात. या नियमांसाठी नकाशे लागतात, आणि उपग्रहाच्या चित्रात मासळी सुकवण्याची जागा, होड्या ओढून ठेवण्याची वाळू किंवा जाळी विणण्याचे आवार हे सारे मोकळी जमीन म्हणूनच दिसते. ती जागा कोणाच्या वापरात आहे हे गावकऱ्यांबरोबर पायी फिरूनच नकाशावर आणावे लागते, आणि ते आणणारी माणसे कमी आहेत. सिंधुदुर्गात कांदळवनालगतच्या (खारफुटीच्या जंगलालगतच्या) गावांमध्ये सह-व्यवस्थापन समित्या नेमून खेकडापालन व कालवांची (खाण्याच्या शिंपल्यांची) शेती सुरू करण्यात आली. कांदळवन टिकले तरच उत्पन्न टिकेल, असा त्यामागचा हिशेब. वेंगुर्ल्यात महिला बचत गट होडीने पर्यटकांना कांदळवन दाखवतो, तर रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासवांची घरटी राखणारे गावकरीच पाहुण्यांना घरी उतरवून घेतात.

मात्र हे सगळीकडे साधत नाही. कोकणातील एका गावात अशीच एक सभा मी पाहिली होती. अधिकारी सकाळी अकरा वाजता आले. उधाणाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर मोठा असण्याचे दिवस होते, त्यामुळे डोलीचे (प्रवाहात रोवून ठेवायचे) जाळे लावणारे सगळे समुद्रावर आणि बायका मासळी निवडण्यात गुंतलेल्या. हजेरीपटावर सह्या झाल्या त्या दुकानदार आणि शिक्षकांच्या, आणि कागदावर लोकसहभाग पूर्ण झाला. हीच सभा भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या दिवसांत ठेवली असती तर निम्मे गाव आले असते. भांग आणि उधाण कॅलेंडरवर शोधायचे असतात हे ज्याला सुचते, तो या कामाचा माणूस. आपल्या मुलीला ते सुचेल, कारण तलावावर किती वाजता कोण भेटते हे ती लहानपणापासून पाहते आहे.

एक फरक मात्र तिने आताच समजून घ्यावा. मामा तलावाला पाळ असते, ठेका कोणत्या संस्थेचा आहे हे ठाऊक असते, आणि ठराव मोडणारा बहुधा गावातलाच निघतो. समुद्राला पाळ नाही. एका गावाने बारीक आसाचे (लहान छिद्रांचे) जाळे वापरणे सोडले तरी दुसऱ्या बंदराची पर्ससीन (मोठे जाळे वेढून मासळी पकडणारी) नौका येऊन मासळीचा थवाच्या थवा घेऊन जाऊ शकते. त्यामुळे तिथे गावाच्या एकोप्याबरोबर कायदाही लागतो. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते, हा या विषयातील सर्वांत कठीण धडा आहे.

आता शिक्षणाविषयी. माझी पहिली पसंती नागपुरातील तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाच्या चार वर्षांच्या पदवीला आहे. घरापासून ते जवळ आहे, आणि पुढे समुद्राकडे वळता आले नाही तरी गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायाचा मार्ग खुला राहतो. प्रवेश परीक्षेची अट यंदाच्या माहितीपुस्तिकेत आजच वाचून घ्यावी. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईतील वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. लोकांबरोबरच्या कामाचीच ओढ असेल, तर कोणत्याही पदवीनंतर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचाही विचार करता येईल. शिकत असताना एका सुट्टीत तिने गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावी अवश्य जावे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या त्या गावात निर्णय सर्वसहमतीने कसे होतात आणि त्याआधी अभ्यासगट किती घासाघीस करतात, हे पाहण्यासारखे आहे. तिथे जंगल असले तरी सामाईक साधन कसे सांभाळायचे हा प्रश्न समुद्राचाच आहे.

पोटापाण्याबाबत आपल्याला अंधारात ठेवणे बरे नाही. या क्षेत्रातील बऱ्याच जागा प्रकल्पाच्या असतात. प्रकल्प संपला की करारही संपतो. कायम नोकरी मत्स्यव्यवसाय खात्यात मिळते, पण जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. म्हणून पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून तिने स्पर्धा परीक्षेची तयारी सोबत ठेवावी. पोलीस भरतीचा सल्ला मी वाईट म्हणणार नाही, पण तिची इच्छा नसताना तिला त्या वाटेला लावणे मला पटत नाही.

तेलंगखेडीला महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा मुलीला सोबत न्या आणि दोनच गोष्टी विचारा. मुलींच्या वसतिगृहात जागा किती, आणि विद्यार्थ्यांना समुद्रावरच्या प्रशिक्षणासाठी कुठे व किती दिवस पाठवतात. दुसरा प्रश्न तिलाच विचारू द्यावा.