वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा बसताना

सातबारा काढायला किंवा परीक्षेचा फॉर्म भरायला वाचनालयात जाणार असशील, तर मोबाइल पूर्ण चार्ज करून ने. ओटीपी त्यावरच येतो. बसल्याबसल्या क्रोम ब्राउझर उघड आणि त्यात कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबून गुप्त (इनकॉग्निटो) विंडो उघड. ती बंद केली की लॉगिन पुसलं जातं. पण आधारची पीडीएफ मात्र डाउनलोडमध्ये तशीच राहते, आणि नेमकं हेच पोरं विसरतात! ती निवडून शिफ्ट-डिलीट कर. नुसत्या डिलीटने ती रीसायकल बिनमध्ये पडून राहते. पावसाळ्यात आपल्याकडे, रत्नागिरीत काय नि मालवणात काय, लाइट कधी जाईल नेम नाही. मोठा अर्ज आधी कागदावर उतरवून ने. अडलं तर ग्रंथपालांना बिनधास्त विचार, पासवर्ड मात्र स्वतःच टाइप कर.