बोटांच्या ठशांवरून शाखा ठरवता?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. सहामाहीला गणितात ८० पैकी ४१. क्लासमध्ये बोटांचे ठसे घेऊन डीएमआयटी, म्हणजे ठशांवरून बुद्धीचा कल सांगणारी, चाचणी केली. ती 'उजव्या मेंदूची', तर्कबुद्धी कमी, असा रिपोर्ट आला. तिला मेंदूविज्ञानाची आवड आहे, पण आम्ही सायन्सचा विचार सोडला. आता तीही म्हणते, गणित माझ्या मेंदूतच नाही. आर्ट्स की कॉमर्स?
– एक पालक, सांगली

उत्तर : ४१ गुणांचं मला काही वाटलं नाही. 'माझ्या मेंदूतच नाही' हे वाचून मात्र धस्स झालं. ते वाक्य तिचं नाही हो, तुम्ही पैसे मोजून घरी आणलंत.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच पक्क्या होतात, जन्मभर बदलत नाहीत. मेंदू तसा नाही. चेतापेशीतून विद्युत संदेश टोकापर्यंत धावतो, तिथे रसायन सुटतं, ते अतिसूक्ष्म फट ओलांडून पुढच्या पेशीला जागं करतं. जो जोड वारंवार वापरात येतो तो बळकट होतो, पडून राहिलेला क्षीण होतो. लंडनमध्ये टॅक्सीच्या परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट या मेंदूशास्त्रज्ञांनी अशा उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाआधी आणि नंतर एमआरआयने तपासले. सुरुवातीला फरक नव्हता. पुढे जे उत्तीर्ण झाले, त्यांच्याच हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मागचा भाग वाढलेला दिसला. हे २०११ सालचं संशोधन, आणि ती सगळी प्रौढ माणसं. तुमच्या मुलीच्या कपाळामागचा मेंदू तर पंचविशीपर्यंत घडत राहणार आहे! ठशांवरून यातलं काय कळणार?

काही माणसं मेंदूच्या उजव्याच बाजूने चालतात, म्हणून 'उजव्या मेंदूची', हेही थोतांडच. भाषेसारखी काही कामं एका बाजूला जास्त होतात, इतकंच खरं. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात हजारावर लोकांचे स्कॅन पाहिले, तेव्हा सगळा मेंदू एकाच बाजूने चालवणारी माणसं सापडली नाहीत.

अकरावीला सायन्स, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. मेडिकलची 'नीट', इंजिनिअरिंगची सीईटी, विज्ञान संशोधनाच्या 'आयसर' संस्था, सगळं खुलं राहतं. तोवर चुकलेली गणितं तिला रोज थोडी, दिवसाआड पुन्हा सोडवू द्या, आणि रात्री झोपू द्या. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. रिपोर्ट चुकीचा होता, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. आर्ट्स, कॉमर्स वाईट नाहीत, पण ते तिने मागितलेले नाहीत. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.