पहिला स्टॅटिक रूट टाकताना

बेळगावात दुकान, खानापुरात गोदाम, मध्ये दोन राउटर. स्टॅटिक रूट म्हणजे कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं ते राउटरला आपण हाताने सांगणं. मांडणी सोपी आहे, तुला नक्की जमेल.

आधी कागदावर काढ. दुकान १९२.१६८.१०.०, गोदाम १९२.१६८.२०.०, दोन्हीकडे मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. मधल्या लिंकवर दुकानाकडे १०.०.०.१, गोदामाकडे १०.०.०.२. दुकानाच्या राउटरला तीनच गोष्टी सांगायच्या: कुठलं नेटवर्क (इथे गोदामाचं), त्याचा मास्क आणि नेक्स्ट हॉप, म्हणजे समोरच्या राउटरचा पत्ता १०.०.०.२. इथे बरेच जण स्वतःच्याच राउटरचा पत्ता टाकतात.

सगळ्यात जास्त छळते ती परतीची वाट. पिंग (समोरून उत्तर येतं का ते बघायचा छोटा संदेश) गोदामात पोचतो, पण उत्तर यायला तिकडे रूटच नसतो. मी एकदा खानापूरच्या पावसात अख्खी दुपार केबल बदलत बसलो होतो. केबल धड होती. गोदामाच्या राउटरवर १९२.१६८.१०.० साठी १०.०.०.१ टाकलं आणि लगेच चालू झालं. म्हणून पिंग दुकानातल्या पीसीवरून कर. राउटरवरून केलास तर तो लिंकचाच पत्ता लावून जातो, तो गोदामाच्या राउटरला आधीच माहीत असतो, म्हणून उत्तर येतं आणि चूक झाकली जाते.

आणखी दोन गोष्टी:
- दोन्हीकडे १९२.१६८.१.० ठेवू नकोस. बरेच घरगुती राउटर त्याच पत्त्यावर येतात, एकीकडचा आधी बदल.
- कॉन्फिगरेशन सेव्ह कर. सिस्कोच्या राउटरवर चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये असतं. लाईट गेली की रूटही गेला.

ओएसपीएफला (राउटरांनी आपसात रूट कळवायची पद्धत) सध्या हात लावू नकोस, दोन राउटरांना त्याची गरज नाही. अडलं तर दोन्हीकडचं राउटिंग टेबल (राउटरकडची रूटची यादी) पाठव, मी बघतो.