प्रतिजैविके 'उतरवणे', आणि उतरण्याचे मूळ पाणी

म्हापशाच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, वडिलांच्या केसपेपरवरील 'डी-एस्कलेशन' या शब्दाला मराठीत काय म्हणावे आणि 'डोस कमी केला' हे भाषांतर चालेल काय. चालणार नाही. हे वाक्य मी वारंवार ऐकतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो, कारण ते कानी पडताच नातेवाईक घाबरून 'भारी औषधच चालू ठेवा' असा हट्ट धरतात.

येथे प्रश्न मात्रेचा नाहीच. जंतू कोणता हे कळण्यापूर्वी गंभीर रुग्णाला मेरोपेनेम आणि व्हँकोमायसिन ही प्रतिजैविके एकत्र देतात, म्हणजे नाना प्रकारचे जंतू त्यांच्या माऱ्यात येतात; हे व्यापक औषध. दोन-तीन दिवसांनी रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला, तर ती दोन्ही थांबवून सेफॅझोलिन हे नेमके औषध पूर्ण मात्रेत देतात, आणि त्या जंतूवर ते व्हँकोमायसिनपेक्षा अधिक गुणकारी असते. व्यापक औषध विनाकारण लांबवले, तर आतड्यांतले निरुपद्रवी जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे फोफावतात.

या कृतीला 'उतरवणे' हेच क्रियापद शोभते: 'रुग्णाला व्यापक औषधावरून नेमक्या औषधावर उतरवले.' इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'स्काला', म्हणजे शिडी, आहे. पोर्तुगीज 'एस्कादा' त्याच घरची. आपले उतरणे मात्र पाण्यातले आहे. संस्कृत 'उत्तरति' म्हणजे पाण्यातून वर येऊन काठाला लागणे. रायबंदरहून फेरीबोटीने निघालेला उतारू चोडणच्या धक्क्यावर पाऊल ठेवतो, ते मूळचे उतरणे. खाली येण्याचा अर्थ मागाहून जडला. जे विद्वान 'उतरणे' हे 'अवतरणा'पासून काढतात, त्यांनी प्राकृताचा साधा नियमही पाहिलेला नाही. दोन स्वरांमधला एकटा त प्राकृतात गळतो, म्हणून 'अवतरति'चे 'ओअरइ' झाले. मराठीत त शाबूत राहिला तो 'उत्तरइ'मधल्या जोड त्त-मुळे. नदी पायी ओलांडता येते त्या जागेलाही 'उतार'च म्हणत, आणि 'तापाला उतार पडला' हा प्रयोग डोंगराच्या उतरणीवरून नव्हे, तर पूर ओसरून ओलांडण्याजोग्या झालेल्या नदीवरून आला, असे माझे ठाम मत आहे.

भगिनींनी केसपेपरवरील शब्दाचा अर्थ घरच्यांना 'नेमक्या औषधावर उतरवले' असाच सांगावा. 'डोस कमी केला' हे शब्द मात्रा खरोखर घटवली असेल तेव्हासाठी राखून ठेवावेत.