एमजीबीच्या इंजिनावर ७,२०० पौंड खर्च करावेत का?

इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे स्थायिक झालेल्या एका वाचकांनी सल्ला विचारला आहे. त्यांच्याकडे १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. घरात कमावते ते एकटेच असून बचत १६,००० पौंड, गृहकर्जाच्या हप्त्यासह मासिक खर्च २,३०० पौंड आणि दरमहा शिल्लक ४०० पौंड आहे. गृहकर्जाचे १,६०,००० पौंड वीस वर्षांत फेडायचे आहेत आणि १.८ टक्क्यांचा स्थिर व्याजदर येत्या जूनमध्ये संपतो. इंजिनाची क्षमता वाढवून १९५० सीसी करणे, नवे हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग), कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि वेबर बनावटीचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) या कामासाठी गॅरेजने ७,२०० पौंड सांगितले आहेत. गाडीची किंमतही वाढणार असल्याने ही गुंतवणूकच ठरेल, असे त्यांना वाटते.

सप्रेम नमस्कार.

ही गुंतवणूक नाही, हे प्रथम स्पष्टपणे सांगतो. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, त्यामुळे ही गाडी दुर्मीळ नाही. तिला वेगळी चासी (खालची स्वतंत्र चौकट) नसल्याने दाराखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, गाडीचा भार पेलतात, आणि जाणकार ग्राहक इंजिनाच्या आधी तिथला गंज पाहतो. ब्रिटनमध्ये मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही, हे खरे. पण त्याच कारणाने तोटा झाल्यास तो इतर नफ्यातून वजाही करता येत नाही.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न गृहकर्जाचा आहे. जूननंतरचा दर ४.५ टक्के धरला, तर सध्या सुमारे ७९४ पौंड असलेला हप्ता सुमारे १,०१२ पौंडांवर जाईल, म्हणजे दरमहा २१८ पौंडांचा भार वाढेल आणि तुमची शिल्लक १८२ पौंडांवर येईल. मासिक खर्चही २,५१८ पौंड होईल. एकाच पगारावर चालणाऱ्या घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा, असा माझा आग्रह असतो, आणि ती रक्कम १५,१०० पौंडांच्या आसपास जाते. म्हणून आज गाडीसाठी मोकळे असलेले पैसे ९०० पौंडच आहेत. गॅरेजचे सगळे काम आताच केले, तर हाताशी जेमतेम साडेतीन महिन्यांची तरतूद उरेल, आणि हे मला अजिबात पटत नाही.

या ९०० पौंडांतही रस्त्यावर जाणवणारा फरक पडू शकतो. मूळ १७९८ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८८.९ मिलिमीटर आहे. ते कमी फेऱ्यांवर ताकद देणारे इंजिन आहे आणि गावातून किंवा वळणाच्या रस्त्यावरून जाताना तीच ताकद उपयोगी पडते. तीव्र कॅमशाफ्ट बसवला की जोर वरच्या फेऱ्यांकडे सरकतो, आणि चार सिलिंडरांना हवा देणारी हेडमधली वाट मात्र दोनच तोंडांची राहते. त्यामुळे आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, तपासून घ्या. नंतर सध्याच्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) दांडी बोटांनी हलवून पाहा. ती सैल असेल, तर तिथून नको ती हवा आत जाते आणि ट्यूनिंग कितीही केले तरी टिकत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी वेळेवर पोहोचवणाऱ्या भागाच्या) सैल झालेल्या स्प्रिंगा बदलून शेवटी गाडी रोलिंग रोडवर, म्हणजे चाके रोलरांवर फिरवून ट्यूनिंग करण्याच्या यंत्रावर, लावून घ्या. त्याआधी ब्रेक मात्र नीट असलेच पाहिजेत.

पुढचा टप्पा हेडचा ठेवा. व्हॉल्व्हच्या सीटांची (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांची) झीज रोखणारे शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापासून बंद असल्याने कडक सीटा अजून बसवलेल्या नसतील, तर त्याच वेळी बसवून घेता येतील. नवा हप्ता सुरू झाल्यावर दरमहा १५० पौंड वेगळ्या बचत खात्यात टाकले, तर चार वर्षांत ७,२०० पौंड व्याजाशिवायच जमतील. १९५० सीसीचा निर्णय तेव्हा घ्या. तोवर हेडच्या कामाने समाधान झालेले असण्याचीही शक्यता आहे. कर्ज काढून हे काम मुळीच करू नका.

चाळीस वर्षांवरील गाडी म्हणून मिळणारी रस्ता करातील आणि एमओटीमधील (वाहनाच्या वार्षिक तपासणीतील) सवलत त्याच मूळ इंजिनाची क्षमता वाढवल्याने जात नाही. तरीही वर्षातून एकदा स्वखुशीने एमओटी करून घ्यावी, असे मी सुचवेन. विम्याचे मात्र तसे नाही. कार्ब्युरेटर बदलला तरी तो विमा कंपनीला कळवावा लागतो, आणि न कळवलेल्या बदलामुळे दाव्याची रक्कम कमी होऊ शकते किंवा दावा फेटाळलाही जाऊ शकतो. ठरावीक किमतीची (गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवलेली) पॉलिसी असेल, तर ती किंमत बदलांसह पुन्हा ठरवून घ्या, आणि कंपनीचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत गॅरेजला आगाऊ रक्कम देऊ नका.