लेझरने आरसे जुळवूनही गुरू धूसर का दिसतो?

फोंड्यातील गच्चीवरून आपली ८ इंची, एफ/६ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट) डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशांची दुर्बीण) वापरताना, लेझरने आरसे जुळवलेले असूनही गुरूचे पट्टे पुसट दिसतात आणि छायाचित्रात त्याची एकच कड फिसकटलेली येते, असे आपण लिहिले आहे. एकाच बाजूला पसरणारी कड हे बहुतेक वेळा कोमाचे (प्रतिमा धूमकेतूसारखी एका बाजूला पसरण्याच्या दोषाचे) लक्षण असते आणि त्याचे मूळ मुख्य आरशाच्या कलात असते. दुय्यम (प्रकाश बाजूला वळवणाऱ्या छोट्या) आरशाच्या किरकोळ चुकीमुळे ग्रह इतका बिघडत नाही, त्यामुळे त्याच्यामागे रात्र घालवू नये.

प्रथम लेझरच तपासावा. तो फोकसरमध्ये (नेत्रिका बसवण्याच्या नळीत) गोल फिरवल्यावर मुख्य आरशावरचा लाल ठिपका वर्तुळ काढू लागला, तर लेझरच वाकडा आहे. स्वस्त लेझरमध्ये हे सर्रास आढळते. मधोमध बारीक छिद्र असलेले साधे कॉलिमेशन (आरसे जुळवण्याचे) झाकण त्यापेक्षा अधिक भरवशाचे असते. तरीही ही सारी दिवसाउजेडीची पूर्वतयारी समजावी. एफ/६ आरशाच्या फोकसतलावर (प्रतिमा उमटते त्या पातळीवर) कोमा नगण्य असलेले वर्तुळ जेमतेम पाच मिलिमीटर व्यासाचे असते (एफ/५ला ते तीनच्याही खाली येते), आणि ते नेत्रिकेच्या मध्यावर आले की नाही, हे ताराच सांगतो.

पुस्तकांत त्यासाठी ध्रुवतारा सुचवलेला असतो, कारण तो जागचा हलत नाही. गोव्यातून मात्र तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या जवळजवळ चौपट हवा ओलांडून येतो. समुद्राकाठच्या दमट हवेत, तारा फोकसबाहेर नेल्यावर उमटणारी त्याची वलये स्थिर दिसणे कठीण. त्यापेक्षा ६० अंशांच्या आसपासचा, दुसऱ्या प्रतीच्या तेजस्वितेचा तारा निवडावा. अगदी माथ्यावरचा तारा डॉब्सोनियनने धरून ठेवणे त्रासाचे असते.

दोनशेपटीहून अधिक वर्धन ठेवून तारा किंचितच फोकसबाहेर न्यावा. वलये एकाच बाजूला दाटलेली दिसली, तर दुर्बीण हलवून तारा दृष्टिक्षेत्रात इकडेतिकडे न्यावा आणि वलये जिथे समकेंद्री होतात ती जागा शोधावी. आता दुर्बिणीला हात न लावता, मुख्य आरशामागच्या स्क्रूंनी तारा त्या जागेवरून मध्यावर आणावा. स्क्रू पाव फेरीपेक्षा कमीच फिरवावा. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट प्रतिमा सरकते, त्यामुळे एका खेपेत चूक साधारण निम्मीच सुटते आणि हीच क्रिया पुन्हापुन्हा करावी लागते. शेवटी कुलूप-स्क्रू (आरसा पक्का करणारे) आवळताना जुळवणी हलते, म्हणून आवळल्यावर तारा परत पाहावा.

दुर्बीण एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणू नये. आपल्याकडे गार आरशावर तत्काळ दव धरते, आणि आरसा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत नळीतल्या हवेच्या प्रवाहांमुळे वलये उकळल्यासारखी दिसतात. तासभर आधी ती व्हरांड्यात ठेवावी.

छायाचित्रणापूर्वी बार्लो (वर्धन वाढवणारे भिंग) आणि कॅमेरा लावूनच ताऱ्याची शेवटची तपासणी पडद्यावर करावी, आणि गुरू चिपच्या मध्यावरच ठेवावा. शेकडो फ्रेम एकत्र केल्याने हवेची थरथर बरीचशी निघते, पण कोमा निघत नाही, कारण तो प्रत्येक फ्रेममध्ये त्याच दिशेला असतो. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून एकेक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये.